मध्ये बोलायचं नाही

२० एप्रिल, शनिवार

औषध कंपन्या दर जानेवारीत डायऱ्या वाटतात. इतकी वर्षं त्या मी खारूला चित्रं काढायला देत आलो. या वर्षीची कपाटात कोरीच पडली होती, ती आज काढली. परवापासून तीन आठवडे घरात बोलायला कोणी असणार नाही. भिंतींशी बोलण्यापेक्षा लिहिलेलं बरं.

खारू म्हणजे माझी मुलगी, वय वर्षं अकरा. लहानपणी घास गालात साठवून ठेवायची म्हणून हे नाव पडलं ते चिकटलंच. परवा ती उन्हाळी शिबिराला निघाली आहे. तळ्याकाठी तंबू, पोहणं, होड्या, आपलं ताट आपण धुणं वगैरे. हे सगळं खूळ माझ्या ताईचं. "तुला पदर नाही तरी तू पोरीला पदराखाली घेऊन बसला आहेस," असं ती मला गेली दोन वर्षं ऐकवते आहे. शेवटी फॉर्मही तिनेच आणून दिला.

खारूला बोलताना अडतं. शब्द ओठांपर्यंत येतो आणि तिथेच ठाण मांडून बसतो. तीन वर्षांची असल्यापासून हे आहे. डॉक्टर झाले, व्यायाम झाले, थोडा फरक पडला. मला मात्र तिचं पहिलं अक्षर पुरतं. पुढचं मी बोलून टाकतो, म्हणजे तिला त्रास नको. यात बढाई नाही, माझं कामच ते आहे. सतरा वर्षं मी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभा आहे. डॉक्टरांचं गिचमिड अक्षर इतरांना लागत नाही, मला चटकन लागतं. नेहमीचं गिऱ्हाईक असेल तर त्याने तोंड उघडायच्या आत औषध समोर ठेवलेलं असतं. मालक नव्या माणसांना सांगतात, यांच्याकडून शिका.

फॉर्मच्या शेवटच्या पानावर एक प्रश्न होता, "तुला इथे काय शिकायचं आहे?" खाली कंसात, "शिबिरार्थीने स्वतः लिहावे." खारू माझ्या शेजारी बसली होती. "मला… मला…" एवढं झालं. मी म्हणालो, "पोहायला, हो ना?" ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग मान हलवली. मी "पोहणे" असं लिहून टाकलं. तिचं अक्षर मोठं आहे, तेवढ्या जागेत मावलं नसतं.

तिच्यासाठी चोवीस कार्डं तयार केली आहेत. "मला पाणी हवं आहे." "माझं पोट दुखतं आहे." "मला घरी फोन करायचा आहे." दुकानातल्या प्रिंटरवर छापून त्यांना प्लास्टिकचं आवरण घातलं. अडलं की दाखवायचं, झालं काम. बॅगेच्या पुढच्या कप्प्यात ठेवली आहेत.

२२ एप्रिल, सोमवार

गेली.

बस शाळेच्या मैदानावरून सुटली. शिबिराच्या प्रमुख बाई साठीच्या असतील, केस आखूड, गळ्यात शिट्टी. हातात यादी घेऊन बसच्या दाराशी उभ्या होत्या. "नाव काय तुझं?" म्हणून खारूला विचारलं. मी नाव सांगितलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुन्हा खारूलाच विचारलं, "नाव काय तुझं?" मागे पंधरा पोरं, त्यांचे आईबाप, सगळे रांगेत. खारूचा चेहरा लाल झाला, मान एका बाजूला ओढली गेली. मला बघवेना. आणि बाई तशाच उभ्या, जणू त्यांना आज दुसरं कामच नाही. शेवटी नाव आलं. बाईंनी यादीवर खूण केली आणि म्हणाल्या, "चढ वर."

मला राग आला. मी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "हिला आई नाही. साडेतीन वर्षांची असताना गेली. हिला आईची फार आठवण येते, संध्याकाळी जरा लक्ष ठेवा." खारू बसमधून उतरून परत माझ्याजवळ आली होती, ते मला कळलं नाही. ती माझी बाही ओढत होती. "बाबा, मला… मला…" म्हणत होती. मी तिला जवळ घेतलं आणि म्हणालो, "कळतं मला, बाळा. सगळं कळतं." तिने बाही सोडली आणि जाऊन खिडकीत बसली. मी हात हलवला. तिने हलवला, पण उशिरा.

बाई जाताना म्हणाल्या, "आमच्याकडे ज्याचं त्याने बोलायचं असतं. दर रविवारी पाच मिनिटं फोन मिळेल, तोही मुलांनी करायचा. तुम्ही करू नका."

२३ एप्रिल, मंगळवार

सवयीने दोन अंडी उकडली. दोन्ही मीच खाल्ली.

दुपारी शिबिराला फोन केला. कोणीतरी माणूस म्हणाला, सगळं ठीक आहे, आणि पालकांनी फोन करायचा नसतो. मी म्हणालो, एकदाच. तो म्हणाला, सगळे एकदाच करतात.

२५ एप्रिल, गुरुवार

आज दुकानात गर्दी. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं तरी हात चालू होते. सतरा वर्षांची सवय असते ती.

घड्याळवाले आजोबा आले होते. त्यांचं चौकात घड्याळं दुरुस्त करण्याचं दुकान होतं, आता बंद केलं आहे. दर महिन्याच्या पंचवीस तारखेला आजींच्या हृदयाच्या गोळ्या न्यायला येतात. त्यांच्या गोळ्या मी सकाळीच कागदी पिशवीत काढून ठेवतो. ते दारात दिसले की पिशवी काउंटरवर. आजही तसंच. "घ्या, आजोबा, आजींच्या गोळ्या. नेहमीच्याच." ते म्हणाले, "नाही, म्हटलं… ती आता…" मी म्हणालो, "बऱ्या आहेत ना? छान. पथ्य सांभाळा म्हणावं." मागे चार माणसं उभी होती. आजोबा थोडा वेळ पिशवीकडे बघत राहिले. मग पैसे दिले आणि गेले. म्हातारपणी माणसं जरा रेंगाळतात.

कॅश काउंटरवरच्या वहिनी म्हणाल्या, "आजोबांना काहीतरी बोलायचं होतं वाटतं." मी म्हणालो, त्यांना नेहमीच काहीतरी बोलायचं असतं.

घर फार नीटनेटकं राहतं आहे. मला ते आवडत नाही.

२८ एप्रिल, रविवार

फोनची वेळ सकाळी दहाची. मी आठपासून खुर्ची ओढून बसलो होतो.

खारू म्हणाली, "ब… बाबा." मी म्हणालो, "बोल, बाळा. जेवतेस ना? झोप लागते? डास आहेत का?" ती "हो" म्हणाली, बहुतेक डासांना. मग म्हणाली, "बाबा, मला तुम्हाला… आईचं…" तिथे अडलं.  मी म्हणालो, "आईची आठवण येते ना? येणारच. मलाही येते. रडू नकोस. तुला घरी यायचंय का? मी आत्ता येतो." ती म्हणाली, "नाही." मी म्हणालो, "नाही म्हणजे आठवण येते पण यायचं नाही, असंच ना? शहाणी माझी ती."  मी तिला ताईचं, शेजारच्यांचं, नळ गळतो त्याचं सगळं सांगितलं. तेवढ्यात पाच मिनिटं संपली.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की ती फार काही बोललीच नाही. अडलं असेल बिचारीचं. फोनवर जास्तच अडतं.

१ मे, बुधवार

खारूचं पत्र आलं. लिहिताना तिचं अडत नाही, तरीही तिने मला आजवर कधी पत्र लिहिलं नव्हतं. लिहायची वेळच आली नाही म्हणा. हे पत्र इथे उतरवून ठेवतो, म्हणजे हरवायला नको.

"बाबा, मी बरी आहे. माझ्या तंबूत चौघी आहेत. एक झोपेत बोलते, एक घोरते, एक दोन्ही करते. इथे होड्या सोडायच्या आधी एक जण धक्क्यावर उभा राहून सगळ्यांची नावं पुकारतो. सगळी नावं झाल्याशिवाय एकही होडी सुटत नाही, कारण कोण पाण्यात आहे ते मोजलेलं पाहिजे. मध्ये कोणी नाव सुचवलं तर पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात. त्यामुळे कोणी सुचवत नाही. हे काम आळीपाळीने असतं. माझी पाळी आली तेव्हा अकरा मिनिटं लागली. ऊन होतं. एक मुलगा होडीत झोपला. तुमची कार्डं छान आहेत. त्यांच्या मागे आम्ही बदाम, इस्पिक वगैरे चिकटवून पत्ते केले आहेत, रागावू नका. चोवीसच असल्यामुळे मोठे आकडे नाहीत. बाबा, मला तुम्हाला एक सांगायचं आहे. ते पत्रात लिहिणार नाही. घरी आल्यावर तोंडाने सांगणार आहे. पण तुम्ही मध्ये बोलायचं नाही. खारू."

पत्र चार वेळा वाचलं. अकरा मिनिटं. भर उन्हात, सगळ्या पोरांसमोर. बसच्या दारातल्या एका नावाला तिचा चेहरा किती लाल झाला होता ते मी पाहिलंय. याला शिकवणं म्हणत नाहीत.

आणि सांगायचं काय आहे ते मला कळलं आहे. तिला तिथे करमत नाही, आईची आठवण येते, आणि पत्र बाई वाचतील म्हणून लिहिलं नाही. परवा दुपारची सुट्टी काढून जातो आणि घेऊन येतो. ताईला कळवलेलं नाही. उगाच तोंडाचा पट्टा सुटेल.

३ मे, शुक्रवार

आत्ता घरी पोचलो. एकटाच.

बसने अडीच तास लागले. तिच्या आवडीची बिस्किटं घेतली होती. बाई ऑफिसच्या तंबूबाहेर दोरांच्या गाठी सोडवत बसल्या होत्या. मी आल्याचं त्यांना नवल वाटलं नाही. "तुम्ही तिसरे," म्हणाल्या. मी सांगितलं की मुलीला न्यायला आलोय, हे अकरा मिनिटं उभं करणं मला पसंत नाही. त्या म्हणाल्या, "न्या ना. तिला विचारा आणि न्या. फक्त तिचं उत्तर पुरं होऊ द्या."

मी म्हणालो, "तिचं उत्तर मला माहीत आहे."

"मग विचारता कशाला?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा गाठी सोडवायला लागल्या. 

तेवढ्यात तळ्यावर घंटा झाली. आज पुन्हा खारूची पाळी होती. ऑफिसच्या तंबूपासून लाकडी धक्का दिसतो, आवाजही येतो. सहा होड्या, प्रत्येकीत दोन-दोन पोरं, वल्ही मांडीवर. खारू टोकाला पाठमोरी उभी. पहिली तीन नावं सरळ गेली. चौथ्याला अडलं. तिची मान ओढली गेली, पाय फळ्यांवर आपटायला लागला. मला इथून तिचं पहिलं अक्षर ऐकू येत होतं. एक पोरगी डास चावलेलं खाजवत होती. एकाने जांभई दिली. कोणी हसलं नाही, कोणी तिच्याकडे टक लावूनही बघत नव्हतं. वाऱ्याची वाट बघावी तशी ती पोरं बसली होती.

माझे ओठ हलत होते. बाई हळूच म्हणाल्या, "तुमच्या तोंडून नाव निघालं, तर पोरांना पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागेल." मी रुमाल तोंडावर धरला. गंमत वाटेल, पण खरंच धरला.

नाव आलं. होडीतून उत्तर आलं. मग पाचवं, सहावं. आठव्याला पुन्हा अडलं. सगळी बारा झाल्यावर ती यादी खिळ्याला अडकवून शेवटच्या होडीत तिसरी म्हणून बसली आणि वल्हं हातात घेतलं. तिला वल्हवता येत नाही. होडी जागच्या जागी गोल फिरली. तिघीही खूप हसल्या, आणि खारू हसताना काहीतरी ओरडली. शब्द मला कळले नाहीत.

बाई म्हणाल्या, "परत आल्या की बोलावते तिला."

मी म्हणालो, "नको."

का म्हणालो, ते मलाही नीट सांगता येत नाही. बाईंनी एवढंच विचारलं, "आल्याचं सांगू का?" मी तेही नको म्हणालो. बिस्किटांचा पुडा द्यायचा राहिला, तो परतीच्या बसमध्ये मीच संपवला. मला आनंद व्हायला हवा होता. मला वाईट वाटलं, आणि ते वाईट खारूसाठी नव्हतं. ती तिथे उभी असताना तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. घरी शब्द अडला की ती माझ्याकडे बघते. सात-आठ वर्षं बघत आली आहे.

५ मे, रविवार

फोन आला. मी ठरवून गप्प बसलो. म्हणजे तीन मिनिटं बसलो. तिने बेडकाची गोष्ट सांगितली. बेडूक कोणाच्या तरी बुटात होता. गोष्ट छान होती, पण शेवट येईपर्यंत मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो. मग मला राहवलं नाही. विचारलं, "ते सांगायचं होतं ते काय?" ती म्हणाली, "घ… घरी." फोन ठेवला.

७ मे, मंगळवार

आज जे झालं ते लिहायला नको वाटतं, म्हणूनच लिहितो.

दुपारी दुकान रिकामं असताना घड्याळवाले आजोबा आले. आज सात तारीख, त्यांचा दिवस नव्हे. माझ्या तोंडावर आलं होतं, "गोळ्या हरवल्या का?" पण का कोण जाणे, थांबलो. त्यांनी पंचवीस तारखेची कागदी पिशवी काउंटरवर ठेवली. उघडलेलीसुद्धा नव्हती.

त्यांना बोलायला वेळ लागला. अडत वगैरे नव्हतं, वेळ लागला एवढंच. म्हणाले, "ही वीस तारखेला गेली. झोपेतच गेली. त्या दिवशी मी ते सांगायलाच आलो होतो. तुम्ही पिशवी दिलीत, पथ्य सांभाळा म्हणालात, मागे माणसं होती. मग मला वाटलं, राहू दे. घरी जाऊन मी पिशवी तिच्या उशाशी ठेवली."

मी काहीतरी म्हणायला लागलो. त्यांनी हात वर केला.

"पैसे परत मागायला नाही आलो. गोळ्या कोणा गरजूला द्या. मला एवढंच सांगायचं होतं की पुढच्या पंचवीसला तुम्ही सकाळीच काढून ठेवाल. तर काढू नका."

त्यांच्या बायकोला जाऊन पाच दिवस झाले होते, आणि मी त्यांना ती बरी आहे म्हणून सांगून घरी पाठवलं होतं. मी त्यांना स्टूल दिलं. ते बसले. मी काउंटरमागून बाहेर येऊन त्यांच्या बाजूला उभा राहिलो. ते तिच्याबद्दल बोलले, अर्धा तास तरी. तिला वेळ कळायची नाही, घरात एवढी घड्याळं असून ती त्यांनाच विचारायची, किती वाजले. मला यातलं काही माहीत नव्हतं. नऊ वर्षं मी त्यांना गोळ्या देतो आहे.

ते गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "मी त्या दिवशी म्हटलं होतं तुम्हाला."  मागच्या खोलीत जाऊन खोक्यावर बसलो. दुकानात इतक्या वर्षांत कधी डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आज आलं.

आणि तिथे बसल्यावर मला फोन आठवला. "बाबा, मला तुम्हाला… आईचं…" एवढंच ती म्हणाली होती. आठवण हा शब्द तिचा नव्हता, तो माझा होता.

८ मे, बुधवार

ठरवून थांबतो आहे. गिऱ्हाईक बोलतं, मी ऐकतो, संपलं की हलतो. पहिल्याच बाईने विचारलं, "औषध संपलंय का? नुसते उभे आहात." दुसऱ्याने वहिनींना विचारलं की यांना ऐकू कमी येतं का. संध्याकाळी मालक येऊन म्हणाले, "तब्येत बरी आहे ना? दोन दिवस घ्या हवे तर." मी तेरा आणि चौदा तारीख मागून घेतली.

पण एक झालं. खोकल्याचं औषध नेणाऱ्या एक बाई आहेत, महिन्यातून दोनदा नेतात. आज पुढेही बोलल्या. औषध मोठ्यांचं आहे आणि त्या ते अंदाजाने लहान मुलाला देत होत्या. मी आजवर त्यांचं वाक्य "खोकल्याचं" इथपर्यंतच ऐकलं होतं. त्यांना मुलांचं औषध दिलं आणि डॉक्टरांकडे पाठवलं. 

१० मे, शुक्रवार

परवा खारू येणार. सांगायचं काय असेल याची मी मनात पाच-सहा वाक्यं तयार केली होती. प्रत्येकाला उत्तरही तयार होतं. आज बसमध्ये ती सगळी आठवून बघितली आणि लाज वाटली. मग सातवं सुचलं.

खरी भीती लिहून ठेवतो. आई गेली यात काही माझी चूक झाली का, असं तिने विचारलं तर? ताप साधा वाटला होता. घरातच गोळ्या दिल्या होत्या, मीच दिल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते की एक दिवस आधी आणलं असतं तरी काही झालं नसतं. ते मी खारूला कधी सांगितलं नाही. तिने कधी विचारलंही नाही. का, विचारलं होतं आणि मी मध्येच बोललो?

१२ मे, रविवार

आली. उन्हाने काळवंडली आहे, दोन्ही गुडघे फुटलेले, नखांत माती. बॅग माझ्या हातात दिली नाही. बसमधल्या पोरांशी निरोप घेण्यात तिची दहा मिनिटं गेली आणि मी दूर उभा राहिलो.

ताई आली होती. "प्रवासात काही खाल्लंस का गं?" विचारलं. माझं तोंड उघडलं, मी मिटलं. ताई माझ्याकडे बघायला लागली, कारण अशा वेळी उत्तर माझ्याकडून येतं हे तिलाही पाठ आहे. खारू म्हणाली, "क… केळं. आणि एकीचे अर्धे शेंगदाणे." ताई पुन्हा माझ्याकडे बघत म्हणाली, "तुला बरं नाहीये का?"

प्रश्न खारूला आणि नजर माझ्याकडे, ताईचंही जरा चुकतंच. पण शिबिराबद्दल तिचं बरोबर होतं. हे तिला सांगणार नाही.

घरी आल्यावर खारू जेवली आणि झोपली. मी काही विचारलं नाही.

१३ मे, सोमवार

दुपारी तिचे शिबिरातले कपडे भिजवले. चिखल इतका की बादलीतलं पाणी दोनदा बदललं. तिला म्हणालो, राहू दे, मी धुतो. म्हणाली, तिथे आम्हीच धुवायचो. मग दोघंही बाथरूमच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसलो, मध्ये बादली. मोज्यांना साबण लावता लावता ती म्हणाली, "बाबा, सांगू?"

मी म्हणालो, "सांग."

वेळ बघितली नाही. तिला लागला तेवढा लागला. मान ओढली गेली, हातातला मोजा पिळवटला गेला. मला तीनदा वाटलं की हा शब्द मला माहीत आहे. एकदाही तो बरोबर नव्हता.

ती म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना सांगता, मला आईची आठवण येते. बाईंना सांगितलंत. शाळेत सांगता. आत्याला सांगता. बाबा, मला आई आठवतच नाही. मी खूप प्रयत्न करते. मला फक्त फोटो आठवतो. तुम्ही सांगता तेव्हा सगळे माझ्या डोक्यावरून हात फिरवतात, आणि मला वाटतं मी खोटं बोलतेय. मला तुम्हाला हे केव्हाचं सांगायचं होतं."

एवढं लांब ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. आठ वर्षं तिच्या तोंडी मी माझीच आठवण घालत होतो. ज्याला त्याला "तिला आठवण येते" म्हणायचो, कारण "मला येते" म्हणायला जीभ रेटत नव्हती. आणि या पोरीने ते ओझं गपचूप वागवलं, मला वाईट वाटू नये म्हणून.

"रागावलात?" तिने विचारलं.

"नाही."

"मग तुम्ही सांगा. आई कशी होती? फोटोतली नको. खरी."

सगळ्या गिऱ्हाइकांची अर्धी वाक्यं पुरी करणारा मी. म्हणालो, "तुझी आई…" आणि पुढे येईना.  नातेवाइकांना सांगायची दोन-तीन वाक्यं माझ्याकडे तयार आहेत, प्रेमळ होती, हसतमुख होती, सगळ्यांचं करायची. ती तोंडावर आली आणि मी ती बाजूला सारली. पुन्हा म्हणालो, "तुझी आई…" पुन्हा अडलं. नाक वाहायला लागलं, हाताला साबण, पुसताही येईना.

खारूने मोजा बादलीत सोडला आणि हात मांडीवर ठेवून बसली. शब्द सुचवला नाही. "राहू दे" म्हणाली नाही. नुसती बसून राहिली.

बऱ्याच वेळाने मी म्हणालो, "तुझी आई भांडकुदळ होती."

खारूचे डोळे मोठे झाले.

"फार भांडायची माझ्याशी. मी तिच्या बोलण्यात मध्येच बोललो की हातातलं काम खाली टाकायची. मला म्हणायची, माझं वाक्य माझं आहे, ते मला संपवू दे."

खारू हसायला लागली. मीही हसलो, आणि रडलोही, दोन्ही एकदमच. मग तिने ओल्याच हाताने माझा गुडघा धरला आणि म्हणाली, "पु… पुढे?"